विंगेतले सर

आमच्या कंपनीला एके वर्षी अचानक शोध लागला, की आम्हाला बोलता येत नाही. आम्ही तारापूरच्या एमआयडीसीतली माणसं. रसायनं बनवतो, ड्रमात भरतो, ट्रकवर चढवतो. कॅन्टीनमध्ये आमची जीभ कातरीसारखी चालते, पण मुंबईचे डायरेक्टर आले आणि पडद्यावर स्लाइड लागली, की सगळ्यांची दातखीळ बसते. मग मुंबईहून एक पोरगेलासा ट्रेनर आणला. कानाला माइक, पायात मोजे नाहीत. विषय होता ‘नाट्यतंत्रातून संवादकौशल्य’. त्यानं आम्हाला झाड व्हायला लावलं, नदी व्हायला लावलं. आमचे मेंटेनन्सचे हेड, ज्यांच्या हाकेनं अख्खं बॉयलर हाउस गपगार होतं, ते डोळे मिटून झाड झाले. पुढची सूचना त्यांच्या कानावर पडलीच नाही, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते झाडच राहिले. शेवटी ‘आज तुम्ही काय शिकलात?’ या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, ‘सावली देणे’.

त्यानंतर एचआरच्या मॅडमनी शपथ घेतली, की आता माणूस आणायचा तो इथलाच. आणि एका सोमवारी कॅन्टीनच्या वरच्या खोलीत आमच्यापुढे कोण यावं? आमच्याच स्टोअरमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गृहस्थ. डोक्यावर पाहुण्यांसाठीचं पांढरं हेल्मेट. गेटवर दिलेलं हेल्मेट खोलीत काढायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि ज्या माणसानं तीस वर्षं ती हेल्मेटं वाटली, त्याला सांगणार तरी कोण? “हे आपले सर,” मॅडम म्हणाल्या. आम्ही खाली माना घालून हसलो. ते नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

स्टोअरमध्ये असताना त्यांची ख्याती वेगळी होती. मागणीची चिठ्ठी घेऊन खिडकीशी जावं तर आत कोणी नसायचं. हाक मारायला तोंड उघडावं तर कानाच्या अगदी मागून आवाज यायचा, “काय पायजे?” मी कराडकडची, आमच्याकडं माणूस समोरून येतो. पहिल्याच दिवशी दचकून माझ्या हातातला बीकर पडला आणि फुटला. नव्या बीकरची चिठ्ठी त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतली, वर ‘फुटण्याचे कारण’ या रकान्यात ‘घाबरणे’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं.

ते कधी मोठ्यानं बोलत नसत. मोठ्यानं बोलायला गेले की शब्द तोंडातच विरायचे. पण त्यांची कुजबूज! कॉम्प्रेसर धडधडत असतानाही ती वीस हातांवरच्या माणसाला लख्ख ऐकू जायची. शर्टाच्या खिशात छोटी टॉर्च असायची आणि भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, ते टॉर्च लावूनच वाचायचे. पायात मऊ तळव्याच्या चपला. कंपनीच्या सेफ्टी शूजवर त्यांचा भारी राग. “पाच मैलांवरनं कळतं कोण येतंय ते,” म्हणायचे, जणू कळणं हाच गुन्हा होता.

ह्या सगळ्याचं मूळ पहिल्याच वर्गात उघड झालं. आमच्या सेल्स मॅनेजरनी खवचटपणे विचारलं, “सर, तुमची गाजलेली भूमिका कोणती?”

“नाय केली.”

“म्हणजे दिग्दर्शन?”

“नाय.”

“मग नाटकात पन्नास वर्षं करत काय होतात?”

“विंगेत उभा राहून वाक्य देत होतो.”

एचआर मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘गावच्या नाटकात पन्नास वर्षं’ एवढंच ऐकून त्यांनी पत्र काढलं होतं. माणूस नट की प्रॉम्प्टर, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. पण तोवर गेटपास झाला होता, चहा सांगून झाला होता, मुंबईला ईमेल गेला होता. कंपनीत एकदा ईमेल गेला की देवसुद्धा काही करू शकत नाही.

चिंचणीच्या पुढे समुद्राकडच्या एका गावात त्यांची चिकूची वाडी. गावात वर्षाला एक नाटक व्हायचं आणि त्यातल्या राजाची भूमिका एका घराण्याकडे वहिवाटीनं होती. आजोबांनी केली, मग मुलानं, मग नातवानं. मुकुट आणि तलवार पिढीजात चालत आली, पाठांतर मात्र वारशात आलं नव्हतं. तीन पिढ्यांचे राजे सरांच्या कुजबुजीवर राज्य करून गेले. आजूबाजूच्या गावांत म्हण पडली होती, की यांच्याकडे नाटक दोनदा ऐकू येतं, आधी विंगेतून, मग स्टेजवरून. सरांना याचं वाईट वाटत नसे. “पयल्यांदा ऐकायला येतं ते बरोबर असतं,” एवढंच म्हणायचे.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही तशीच. आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोलायचं. ते मागे स्टुलावर बसून आपल्या मानेवर टॉर्च मारणार. “मी जल्मभर नटांच्या पाठी बघितल्यात,” ते म्हणायचे. “तोंड शिकवता येतं. पाठ शिकवता नाय येत.” आमच्या प्लँट हेड साहेबांचं भाषण त्यांनी एकदा समोर न बसता, साहेबांच्या खुर्चीमागच्या पडद्याआड उभं राहून ऐकलं आणि आम्हाला येऊन सांगितलं, “साहेब ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणाले तेवा खांदे कानाला लागले होते.” आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या वेळी साहेब ‘कुटुंब’ म्हणाले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या खांद्यांकडेच बघत होतो.

पण त्यांचा खरा सिद्धांत वेगळाच होता. तीन वेळा एकाच वाक्याला अडखळलात, की त्या वाक्यावर लाल पेन्सिलीची काट. कारण विचारलं तर म्हणायचे, “माणूस वाक्य विसरत नाय. त्याला ते पटत नाय म्हणून जीभ अडते.” सेल्स मॅनेजरचं अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन त्यांनी या पद्धतीनं चार मिनिटांवर आणलं. ‘वेळेवर डिलिव्हरी’ गेली, ‘जागतिक दर्जा’ गेला, ‘ग्राहक हाच देव’ तर पहिल्या फेरीतच गेला. उरलं काय, तर कंपनीचा पत्ता, मालाचं नाव आणि नमस्कार. सेल्स मॅनेजर चिडले. पण ते चार मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐकून एका ग्राहकानं म्हणे सुटकेचा निःश्वास टाकला आणि ऑर्डर दिली.

एकदा पालघरला एका जुन्या अधिकाऱ्याची शोकसभा होती. सर अर्थातच व्यासपीठाच्या बाजूला, फुलांच्या हाराआड उभे. एक वक्ते उठले, “त्यांच्या अंगी अनेक गुण होते,” म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “अनेक गुण होते…” पुन्हा थांबले. हाराआडून ती कुजबूज आली, सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत लख्ख: “आठवत नसतील तर सोडा. नसतील.” मृताची बायको पहिल्या रांगेत होती. ती पदरात तोंड लपवून हसली हे मी स्वतः पाहिलं आहे.

असा हा विक्षिप्त माणूस माझ्या वाट्याला आला, तो मात्र हसण्यासारख्या वेळेला नाही.

आमच्या क्वालिटी लॅबमध्ये आम्ही अकरा जण. तयार माल ग्राहकाकडे जाण्याआधी आम्ही तपासतो आणि रिपोर्ट देतो. त्या वर्षी मुंबईत ठरत आलं, की तारापूरची लॅब बंद करायची आणि नमुने वापीच्या एका बाहेरच्या लॅबला पाठवायचे. ठरत आलं म्हणजे फक्त सही व्हायची होती. सही करण्याआधी डायरेक्टर येणार आणि लॅबचं म्हणणं पंधरा मिनिटं ऐकणार. ते म्हणणं मांडायचं मी, कारण लॅबची प्रमुख मी. लॅबमधलं काचसामान धुणारी कुंभवलीची बाई, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, मला म्हणाली, “म्याडम, तुमाला दुसरीकडं मिळंल. मी या वयात कुठल्या कंपनीच्या गेटावर जाऊन उभी राहू?”  आणि मी तर चार माणसांपुढे स्वतःचं नाव सांगतानाही चाचरणारी बाई.

प्लँट हेड साहेबांनी माझ्या स्लाइड स्वतः बनवल्या. तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं, की आमच्या लॅबमधून आजवर एकही चुकीचा रिपोर्ट गेलेला नाही.

सरांनी सगळं प्रेझेंटेशन एका लांब वहीत देवनागरीत उतरवून घेतलं. ‘गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड डायरेक्टर्स’ याच्यापुढे लाल पेन्सिलीनं ‘इथे श्वास’. मी भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले. अडले की मागून शब्द यायचा आणि तो विचार न करता उचलून मोठ्यानं म्हणायचा, ही तालीम. आठ दिवसांत इतकी सवय लागली, की घरी नवऱ्यानं मागून “मीठ दे” म्हटलं तरी मी “मीठ दे” असं खणखणीत म्हणून जागेवरच उभी राहायची.

सगळं जमलं, एक तिसरी स्लाइड सोडून. तिथे आले की जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा, दोनदा, पाचदा. सरांनी टॉर्च विझवली.

“खरं काय हाय?”

मी भिंतीकडे बघूनच सांगितलं. आधीच्या वर्षी एकदा दोन नमुन्यांच्या बाटल्यांची माझ्याकडून अदलाबदल झाली होती. ज्या मालात पाणी जास्त होतं, त्याला मी ‘पास’चा रिपोर्ट दिला. ड्रम गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या धुताना वहिनी म्हणाली, “म्याडम, ही बाटली चुकीच्या रांगेत हाय. काल मी हिला दुसरीकडं ठेवली होती.” मी धावत जाऊन ग्राहकाला फोन केला. ड्रम अजून उघडले नव्हते. संध्याकाळपर्यंत माल परत आला. साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘वाहतुकीत ड्रम चेपल्यामुळे परत’. विषय संपला.

सरांनी वहीत त्या वाक्यावर काट मारली. साहेबांनी ते पुन्हा लिहायला लावलं. “या एका वाक्यावर तुमची लॅब उभी आहे, मॅडम,” साहेब म्हणाले, आणि सरांना बजावलं, “या अडल्या तर हेच द्यायचं. अक्षर इकडचं तिकडं नको.”

“पन्नास वर्षांत वहीबाहेरचं अक्षर दिलेलं नाय,” सर म्हणाले. ते खरंही होतं.

डायरेक्टर आले. कॉन्फरन्स रूमला मागे पँट्रीचं दार आहे. चहाच्या कपबश्यांमध्ये सर वही घेऊन उभे राहिले, दार बोटभर उघडं. मी दाराकडे पाठ करून उभी. पहिली स्लाइड गेली, दुसरी गेली. तिसरी लागली आणि माझी पाचावर धारण बसली. मी तोंड उघडलं. काही नाही. समोर साहेब माझ्याकडे बघत होते, मग माझ्या मागच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एसीचा आवाज मोठा व्हायला लागला.

आणि वाक्य आलं. “एक गेला होता. मी पाठवला होता.” नेहमीच्या सवयीनं मी ते खणखणीत म्हणून टाकलं, इंग्रजी प्रेझेंटेशनच्या मधोमध, मराठीत.

टेबलाच्या टोकाला बसलेले म्हातारे शेठ, म्हणजे कंपनीचे मालक, मघापासून डुलकी घेत होते. त्यांनी डोळे उघडले. “एक मिनट. कौन सा एक?”

मग मी सांगितलं. स्लाइड न बघता, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. बाटली, वहिनी, फोन, परत आलेले ड्रम. शेठनी मधेच हात वर केला. “गलती पकडी किसने? बाटली धोने वाली ने?”

“जी.”

“लॅब वापी जाएगी, तो ये बाई भी वापी जाएगी क्या?”

 शेठनी समोरची फाइल मिटली. लॅब राहिली. त्याच दुपारी आम्हाला कळलं, आणि वहिनीनं आनंदाच्या भरात दोन फ्लास्क फोडले.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मी उभी होते. माझ्या मागे सर, दाराशी एचआर मॅडम. साहेबांचा चेहरा लालबुंद. शेठनी जाताना त्यांना विचारलं होतं, की ड्रम नेमके कुठे चेपले होते. “लॅब वाचली ते ठीक,” साहेब म्हणाले. “मला फक्त एक सांगा. ते वाक्य तुमच्या तोंडात कोणी घातलं?”

माझी नोकरी, फ्लॅटचा हप्ता, मुलीची बारावी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणाले, “मागून आलं.” आणि वळून सरांकडे बघितलं.

“हो,” सर कुजबुजले. “मीच दिलं.”

साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे नमस्कार केला. पास परत घेतला, हेल्मेट परत घेतलं. मला समज देऊन सोडलं. सर मऊ चपलांनी निघून गेले, कधी गेले तेही कळलं नाही.

पंधरा दिवस मी स्वतःला समजावत राहिले, की बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. मग एका रविवारी स्कूटर काढली, वाणगावला पेढे घेतले आणि त्यांच्या वाडीवर गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “बसा, ते पाठीमागं हाय.” ते असणारच होते. चिकूच्या झाडाखाली करंड्या लावत होते. मी पेढे पुढे केले आणि म्हणाले, “सर, तुम्ही त्या दिवशी ते वाक्य दिलं नसतं, तर आम्ही अकरा जण आज घरी असतो.”

त्यांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

“मी कुठं दिलं?”

“म्हणजे?”

“माज्या वहीत साहेबांचं वाक्य होतं. ते द्यायला जीभ उचलंना. आन् दुसरं काय देणार? वहीबाहेरचं मी देत नाय. मी गप उभा होतो, म्याडम. बोललात ते तुमीच.”

 मला शरम वाटली, इतकी की त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या तेव्हा मला मान वर करवेना. कारण खरं सांगायचं तर केबिनमध्येच मला आतून माहीत होतं, की माझ्या मागून कुजबूज आलेली नव्हती. त्यांची कुजबूज आली असती तर ती शेठपर्यंत पोचली असती, गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचली असती. आवाज ऐकल्यासारखं वाटलं होतं, आणि तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

“मग साहेबांपुढे हो का म्हणालात?”

“तुमी वळून बघितलात ना,” ते म्हणाले. जणू याहून उघड गोष्ट जगात दुसरी नव्हती. “नट वळून बघतो तेवा कायतरी द्यावं लागतं. तेवा माज्याकडं तेवढंच होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कुठेही न अडखळता म्हणाले, “साहेब, ते वाक्य माझं होतं. सरांनी एक अक्षर दिलं नाही. मी घाबरून खोटं बोलले. त्यांना परत बोलवा.”

साहेबांनी मला बसायला सांगितलं. पाण्याचा ग्लास पुढे केला. मग खुर्चीत मागे रेलून, एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत म्हणाले, “काल तुम्ही त्याच्या घरी गेला होतात, मला कळलंय. इतकं सफाईदार तुम्ही आजवर कधी बोलला नाहीत, मॅडम. किती दिवस तालीम करून घेतली त्यानं?”

“नाही, साहेब. हे मीच बोलतेय.”

साहेब हसले आणि त्यांनी बेल वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.